तेझे (फ्रान्स) : वेगवेगळ्या चर्चचे आम्ही तिघं, एक आठवडा आणि एकच भांडी घासायची मोरी

रिव्ह्यू मोठा होणार आहे आधीच सांगते, पण मी जायच्या आधी मराठीत शोधत होते तेव्हा मला काहीच मिळालं नव्हतं आणि तेव्हाच ठरवलं होतं की परत आल्यावर आपणच नीट लिहायचं.

मी मूळची नगरची, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये वाढलेली, सध्या जर्मनीत मास्टर्स करते. गेल्या उन्हाळ्यात मी, माझी वसईची मैत्रीण (कॅथलिक, रोज रात्री रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हटल्याशिवाय झोपत नाही) आणि तिच्या डिपार्टमेंटमधला पुण्याचा एक दादा (पेंटेकॉस्टल, घरातली पहिली ख्रिस्ती पिढी) असे आम्ही तिघं फ्रान्समधल्या तेझे नावाच्या गावी आठवडाभर राहून आलो. परदेशात मराठी बोलणारं कोणी भेटलं की चर्च कुठलं ते नंतर विचारतो आपण, आधी मिसळ कुठे मिळते ते विचारतो, तशीच आमची ओळख झालेली. पण रविवारी सकाळी मात्र तिघं तीन दिशांना जायचो. मग मैत्रीणच एकदा म्हणाली, अगं एक जागा आहे, तिथे सगळे एकत्र प्रार्थना करतात, जायचं का.

तेझे म्हणजे बर्गंडी भागातलं टेकडीवरचं अगदी छोटं गाव, क्लुनीपासून साधारण दहा किलोमीटर. इथे ब्रदर्सचा एक समुदाय राहतो, जवळपास तीस देशांतून आलेले, काही कॅथलिक आणि काही वेगवेगळ्या प्रोटेस्टंट चर्चचे, आणि सगळे एकाच छताखाली, लग्न न करता, मालमत्ता न ठेवता राहतात. डोनेशन घेत नाहीत, अगदी घरच्यांकडून वारसाहक्काने काही आलं तरी स्वतःसाठी ठेवत नाहीत, गरिबांना देऊन टाकतात. मातीची भांडी वगैरे स्वतः बनवून विकतात त्यावर त्यांचं चालतं. आणि वर्षभर जगभरातून तरुण पोरं इथे येतात, उन्हाळ्यात तर एका आठवड्यात हजारोंनी. हॉटेल नाही, रिट्रीट सेंटर म्हणावं तर तसंही नाही, वारीतला एखादा मोठा मुक्काम कसा असतो ना, राहुट्या, पंगत, भजन, काम, झोप, तसं काहीसं, फक्त मुक्काम हलत नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगते कारण ते माहीत असलं की तिथलं सगळं वेगळं दिसायला लागतं. रॉजर शुट्झ (पुढे ब्रदर रॉजर) नावाचा स्विस तरुण, रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चच्या पाळकांचा मुलगा, १९४० च्या ऑगस्टमध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी जिनिव्हाहून सायकलवर निघून या गावात आला आणि एक रिकामं घर विकत घेतलं. फ्रान्स तेव्हा हरलेला, देशाचे दोन तुकडे झालेले आणि मधली सीमारेषा इथून जवळच. त्याने त्या घरात निर्वासितांना लपवलं, त्यात ज्यू लोकही होते. १९४२ मध्ये गेस्टापोला (नाझींच्या गुप्त पोलिसांना) कळलं तेव्हा त्याला स्वित्झर्लंडला थांबावं लागलं, १९४४ ला परत आला. आणि परत आल्यावर काय केलं, तर जवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांना रविवारी घरी बोलवून जेवू घातलं. आधी ज्यांच्यापासून लोकांना लपवलं त्यांनाच. हे मला तिथल्या एका सेशनमध्ये कळलं आणि माझ्या शेजारी तेव्हा जर्मनीची एक मुलगी आणि पोलंडचा एक मुलगा बसलेले होते, कोणी काही बोललं नाही, पण मला ते फार लागलं.

रॉजर यांच्या आजीची पण गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात ती उत्तर फ्रान्समध्ये होती, प्रोटेस्टंट, घरात निर्वासितांना आसरा दिला, आणि तिला वाटायचं की युरोपातले ख्रिस्तीच एकमेकांना मारतायत तर निदान ख्रिस्ती लोकांनी तरी आपसात समेट केला पाहिजे, म्हणून ती कॅथलिक चर्चमध्येही जायला लागली, स्वतःचं चर्च न नाकारता. ब्रदर रॉजरनी आयुष्यभर हेच केलं असं मला वाटतं, एका आजीचं काम पुढे नेलं.

१९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात जणांनी आजन्म व्रत घेतलं, सगळे प्रोटेस्टंट. पहिले कॅथलिक ब्रदर १९६९ मध्ये आले. आणि आता बघा, पहिले प्रमुख ब्रदर रॉजर रिफॉर्म्ड. त्यांच्यानंतर ब्रदर अलोइस, ते कॅथलिक. आणि डिसेंबर २०२३ पासून ब्रदर मॅथ्यू, ते इंग्लंडचे, अँग्लिकन. तीन प्रमुख तीन परंपरांचे. आपल्याकडे एका चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीत काय काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल मी हे दोनदा का वाचलं ते.

आता प्रत्यक्ष अनुभव. आम्ही जर्मनीतल्या एका पॅरिशच्या ग्रुपबरोबर बसने गेलो, रात्रभराचा प्रवास. एकटं जायचं असेल तर पॅरिसहून टीजीव्ही (वेगवान ट्रेन) पकडून माकों-लोशे स्टेशन, तिथून तेझेला बस आहे. आठवडा रविवार ते रविवार असतो. पोचलात की कासा नावाच्या ठिकाणी नोंदणी, तिथे तुम्हाला राहायची जागा सांगतात, जेवणाची कुपनं देतात आणि आठवड्याभराचं काम ठरतं. हो, काम प्रत्येकाला असतं. मला भांडी घासायला मिळालं, मैत्रिणीला टॉयलेट-बाथरूमची सफाई आणि दादाला जेवण वाढायला.

राहायला लाकडी बराकी, बंक बेड, सहा-आठ जण एका खोलीत, नाहीतर आपला टेंट घेऊन जायचा. स्लीपिंग बॅग आपली न्यावी लागते. जेवण एकदम साधं, एका ट्रेमध्ये मसूर किंवा पास्ता किंवा भात, ब्रेड, चीजचा तुकडा, एक फळ. खायला फक्त चमचा, आणि पाणी असो की चहा, पितात सगळे वाडग्यातूनच. सकाळी ब्रेड, लोणी आणि चॉकलेटच्या दोन कांड्या. तिखट काही नाही म्हणजे नाहीच, आपलं लोणचं बरोबर न्या, मी आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी नेली होती ती तिसऱ्या दिवशी संपली कारण आमच्या टेबलवरच्या हंगेरीच्या पोरांना आवडली. पैशाचं म्हणाल तर ठरावीक फी नाही, देशाप्रमाणे आणि वयाप्रमाणे एक रेंज असते, त्यात आपण आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचं. स्टुडंट म्हणून मला जे पडलं त्यात जर्मनीत दोन दिवस पण हॉस्टेलमध्ये राहता आलं नसतं.

दिवसातून तीनदा घंटा वाजतात, मोठ्या, बराच वेळ. आणि घंटा वाजल्या की सगळं थांबतं, किचन थांबतं, दुकान बंद, खेळ बंद, सगळे टेकडीवरच्या चर्चकडे चालायला लागतात. या चर्चचं नाव चर्च ऑफ रिकन्सिलिएशन, म्हणजे समेटाचं चर्च, १९६२ मध्ये बांधलेलं, आणि बांधायला आलेले कोण, तर युद्धाचं प्रायश्चित्त म्हणून आलेले जर्मन तरुण. बाहेरून फार सुंदर वगैरे नाही, काँक्रीटचं आहे. आत बाकं नाहीत, सगळे जमिनीवर बसतात. हे मला लगेच घरचं वाटलं, आजोळच्या गावी चर्चमध्ये सतरंजीच असायची आणि बायका एका बाजूला पुरुष एका बाजूला, इथे फक्त ते बायका-पुरुष वेगळे नाहीत. मध्ये पांढऱ्या झग्यातले ब्रदर्स रांगेत बसतात, समोर केशरी कापडं ताणून लावलेली आणि खाली शेकडो मेणबत्त्या.

प्रार्थना म्हणजे मुख्यतः गाणं. एकच ओळ, दोन ओळी फार तर, आणि ती पुन्हा पुन्हा पुन्हा, दहा वेळा, वीस वेळा, हळूहळू चार आवाजात फुलत जाते. भाषा बरेचदा लॅटिन, कारण लॅटिन आता कोणाचीच बोलभाषा नाही म्हणून ती सगळ्यांना सारखीच परकी. बरीच गाणी जाक बेर्तिए नावाच्या फ्रेंच संगीतकाराने केलेली, त्यांनी मुद्दाम अशी बांधली की ज्याला भाषा येत नाही, सूर येत नाही तोही दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला आत येतो. मैत्रीण कानात म्हणाली, हे तर ध्रुवपदच धरून बसलेत गं. अगदी तसंच. आपल्या भजनात नाही का, बुवा ओळ सोडतात आणि मागचे ती धरून ठेवतात, टाळ वाढत जातो आणि मग शब्दांचा अर्थ डोक्यातून उतरून कुठेतरी खाली जातो. आमच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हणतात ती ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे मला तिथे काही नवीन शिकावं लागलं नाही, फक्त आवाज खाली आणावा लागला.

मग शांतता. मधोमध आठ-दहा मिनिटं काहीच नाही. कोणी बोलत नाही, वाजवत नाही, दोन-तीन हजार माणसं आणि फक्त कोणीतरी खोकतं ते ऐकू येतं. पुण्याच्या दादाला हे सुरुवातीला फार जड गेलं, त्याच्या चर्चमध्ये प्रार्थना म्हणजे उभं राहून, हात वर करून, मोठ्याने, सगळ्यांनी एकदम. सोमवारी तो मला बाहेर म्हणाला, अगं इथे आत्मा कुठंय, हे तर झोपलेत सगळे. मी त्याच्याशी वाद घातला नाही कारण मला आमच्या उपासनेबद्दल पण त्याच्या चर्चमधले लोक असंच म्हणतात हे माहीत होतं आणि आमचे लोक त्यांच्याबद्दल काय म्हणतात तेही माहीत होतं. गुरुवारी तोच प्रार्थना संपल्यावर तासभर आत बसून राहिला. रात्री उठून जायचं बंधन नसतं, गाणी चालूच राहतात, ज्याला जेवढा वेळ बसायचंय तेवढा बसावं. बाहेर आल्यावर म्हणाला की त्याच्या आजारी वडिलांसाठी तो दोन वर्षं ओरडून मागत होता, आज पहिल्यांदा नुसता बसलो. एवढंच. मी काही विचारलं नाही.

रोज सकाळी एखादा ब्रदर बायबलमधला उतारा समजावून सांगतो आणि मग आठ-दहा जणांचे छोटे गट करून चर्चा. आमच्या गटात आम्ही तिघं, दोन जर्मन लुथरन, एक पोलिश कॅथलिक, एक रुमानियाचा ऑर्थोडॉक्स मुलगा आणि एक डच मुलगी जी म्हणाली मी कुठल्याच चर्चची नाही, मी फक्त शोधतेय. बुधवारी ठरलं की प्रत्येकाने प्रभूची प्रार्थना आपापल्या भाषेत म्हणायची. मी आणि मैत्रीण दोघी मराठी म्हणून एकत्र म्हणायला लागलो. शब्द थोडे इकडेतिकडे होते, तिचे वेगळे माझे वेगळे, पण सांभाळून घेत चाललो होतो, आणि ‘वाइटापासून सोडव’ पर्यंत आलो आणि ती थांबली, आणि मी एकटीच पुढे ‘राज्य, सामर्थ्य आणि वैभव’ म्हणत राहिले. मला वाटलं ती विसरली. मग तिने समजावलं की त्यांच्याकडे प्रार्थना तिथेच संपते, ती ओळ मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) येते पण मध्ये फादर एक प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे ती म्हणतात. लुथरन मुलगी म्हणाली आम्ही पण सलग म्हणतो. रुमानियाचा मुलगा म्हणाला आमच्याकडे ती ओळ प्रीस्ट म्हणतात. एक ओळ, तीच, चार चर्चमध्ये तीन प्रकारे, आणि कोणीही ती टाकून दिलेली नाही. मी पंचवीस वर्षं ही प्रार्थना म्हणतेय आणि मला हे माहीत नव्हतं, आणि माझ्यापासून वसई कितीशी लांब आहे हो.

इथे मला जे कळलं ते असं की तेझेमध्ये कोणी तुम्हाला तुमचं चर्च सोडायला सांगत नाही, त्यांचं असं वेगळं चर्चही नाही, सभासदत्व नाही, आठवडा संपला की सांगतात घरी जा, आपापल्या मंडळीत जा, तिथे काम करा. मी ज्या ऐक्याच्या गोष्टी ऐकत मोठी झाले त्या बहुतेक अशा होत्या की सगळ्यांनी आमच्यासारखं व्हावं म्हणजे ऐक्य. किंवा मग कागदावरचं. आता आमचं सीएनआय बघा, ती खरंच मोठी गोष्ट आहे, २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात सहा परंपरांची चर्चेस एकत्र आली, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स. त्यासाठी लोकांनी चाळीसेक वर्षं बोलणी केली होती. मला त्याचा अभिमान आहे. पण माझे आजोबा शेवटपर्यंत सांगायचे की आपण अमेरिकन मिशनचे आणि ते पलीकडचे एसपीजीचे, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे, आणि सोयरीक जमवताना तो विषय निघायचाच. कागद झाला पण पंगत झाली नाही, असं काहीसं.

तेझेला पंगत आधी होते. रोज दुपारी मी आणि तो रुमानियाचा मुलगा आणि कोरियाच्या दोन मुली एकाच मोठ्या टबमध्ये शेकडो वाडगे घासायचो, एक धुणार, एक विसळणार, एक पुसणार, आणि कोणीतरी गाणं सुरू करणार. मरियेबद्दल तुमचं मत काय, बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, पोपना मानता का, हे सगळे प्रश्न तिथे निघाले, खरंच निघाले, पण हात साबणात असताना निघाले, त्यामुळे माणूस चिडून उठून जाऊ शकत नाही, वाडगे राहिलेत ना अजून. आणि बरेच गैरसमज माझे माझ्यापाशीच होते, मला खरंच वाटायचं की कॅथलिक लोक मरियेची भक्ती देवासारखी करतात, मैत्रिणीने शांतपणे सांगितलं की आम्ही तिला आमच्यासाठी प्रार्थना कर म्हणून विनंती करतो, जशी तू मला परीक्षेच्या आधी करतेस.

आता जे दुखलं ते. रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर कम्युनियन (प्रभुभोजन) देतात, ते कॅथलिक पद्धतीचं, आणि जे ते घेत नाहीत त्यांच्यासाठी टोपलीत आशीर्वाद दिलेली भाकर असते. मैत्रीण एका बाजूला गेली, मी टोपलीकडे. आठवडाभर एकत्र गायलो, एका खोलीत झोपलो, एका ताटातली चटणी खाल्ली आणि तिथे येऊन रांगा दोन. पहिल्या दिवशी मला राग आला, वाटलं एवढं सगळं करून इथेच का अडतं. नंतर एका ब्रदरना विचारलं तर त्यांनी काही सफाई दिली नाही, म्हणाले हे दुखतं, आणि दुखलं पाहिजे, आपण ते दुखणं लपवत नाही. मला ते उत्तर पटलं. टोपलीतली ती भाकर म्हणजे तेवढ्यापुरतं केलेलं काहीतरी आहे हे त्यांनाही माहीत आहे, पण कोणी रिकाम्या हाताने जागेवर परत जाऊ नये एवढी काळजी घेतलीय.

हे मला का लागलं त्याला एक कारण आहे. माझी मावशी. नव्वदच्या दशकात तिने एका कॅथलिक मुलाशी लग्न करायचं ठरवलं, दोघंही ख्रिस्ती, दोघंही मराठी बोलणारे, आणि दोन्हीकडच्या धर्मगुरूंनी जे काही ऐकवलं ते तिने मला फार नंतर सांगितलं. आजोबा लग्नाला गेले नाहीत. ते काही वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की पोरगी प्रभूपासून लांब चाललीय. दहा वर्षं येणंजाणं नव्हतं. मावशीने सासरच्या चर्चमध्ये जायला सुरुवात केली पण तिथेही तिला बराच काळ ‘ती प्रोटेस्टंट’ म्हणायचे. आता सगळं निवळलंय, पण आजोबा गेले तेव्हा ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली होती, ते मला आठवतं, मी सहावीत होते.

शुक्रवारी रात्री प्रार्थनेनंतर मोठा रंगवलेला क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात, लोक गुडघ्यांवर पुढे सरकत येतात आणि कपाळ टेकवतात, जे काही ओझं असेल ते तिथे ठेवायचं. मध्यरात्र उलटून जाते तरी रांग संपत नाही. माझा नंबर आला तेव्हा एका बाजूला मैत्रीण होती आणि समोर कोणीतरी अनोळखी मुलगा, तिघांची डोकी एकाच लाकडाला. मी आजोबांसाठी प्रार्थना केली. मावशीसाठी नाही, आजोबांसाठी. शनिवारी मग सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या, एकाची दुसऱ्याला लावत लावत सगळं चर्च उजळतं, ईस्टरसारखं, लहान पोरांपासून सुरुवात होते. प्रार्थना चालू असताना फोटो-व्हिडिओ काढू नका असं सांगतात, आणि लोक पाळतातही, म्हणून माझ्याकडे एकही फोटो नाही, मागू नका.

एक गोष्ट लिहायलाच हवी. याच चर्चमध्ये १६ ऑगस्ट २००५ ला संध्याकाळच्या प्रार्थनेत मानसिक आजार असलेल्या एका बाईने ब्रदर रॉजरना चाकूने मारलं, हजारो तरुण बसलेले असताना, त्यांचं वय तेव्हा ९०. त्यांची कबर गावातल्या जुन्या छोट्या चर्चच्या बाहेर आहे, साधा लाकडी क्रूस, फुलं, बास. जरूर जा तिथे, आणि खालच्या तळ्याकडे पण, तो भाग पूर्ण शांततेसाठी ठेवलाय. दुसरी गोष्ट, २०१९ मध्ये समुदायाने स्वतःहून जाहीर केलं की जुन्या काळात काही ब्रदर्सकडून लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्यात, आणि ते प्रकरण न्याययंत्रणेकडे दिलं. मुलांना पाठवणाऱ्या आईवडिलांना हे माहीत असावं म्हणून लिहिलं. लपवलं असतं तर मी हा रिव्ह्यूच लिहिला नसता.

आपल्याकडे असं काही होऊ शकतं का यावर येताना बसमध्ये आम्ही तिघं बराच वेळ बोललो. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला होता, मिशनचा पगार सोडून, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त चालतील असं त्यांचं म्हणणं होतं. दोन वर्षांत ते वारले आणि ते राहून गेलं. म्हणजे बाहेरून आणायची गरज नाही, आपल्या मातीत एकाने पेरून ठेवलंय शंभर वर्षांपूर्वी. आणि आमच्या पिढीला तर किती सोपं झालंय, मैत्रीण मला वसईच्या चर्चचं लाइव्ह स्ट्रीमिंग पाठवते, दादा त्याच्या चर्चची वर्शिप गाणी पाठवतो, मी आमच्या पाळक साहेबांचे संदेश पुढे ढकलते, आजोबांना हे कुठून मिळणार होतं, त्यांनी कॅथलिक मिस्सा आयुष्यात एकदाही पाहिली नव्हती आणि तरी त्यांचं मत पक्कं होतं. पण नुसतं फॉरवर्ड करून होत नाही हेही तितकंच खरं, मी दोन वर्षं त्या दोघांच्या गाण्यांना हार्ट देत होते आणि त्या प्रार्थनेतली एक ओळ मला माहीत नव्हती. जानेवारीत १८ ते २५ ख्रिस्ती ऐक्य सप्ताह असतो, आपल्याकडे त्यात एक संयुक्त उपासना होते, चार पाळक आणि दोन फादर बोलतात, चहा-बिस्कीट होतं आणि संपतं. त्या दिवशी भाषणं कमी करून सगळ्यांनी मिळून स्वयंपाक केला आणि भांडी घासली तरी मला चालेल.

आम्ही परत आल्यापासून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी माझ्या रूमवर जमतो, आता आठ-नऊ जण येतात, एक केरळचा मार थोमा चर्चचा मुलगा पण असतो. मेणबत्ती, दोन-तीन ओळींची गाणी, एक उतारा, दहा मिनिटं गप्प, मग खिचडी. आम्ही टिळकांच्या पदांचं नुसतं ध्रुवपद घेऊन तसंच आवर्तनात म्हणून बघितलं, इतकं छान बसतं.

कोणी जावं? सोळा ते पस्तीसमधल्या कोणीही, ख्रिस्ती असो नसो. आराम, स्वतंत्र बाथरूम, वायफाय पाहिजे असेल तर जाऊ नका, चिडचिड होईल. जोरदार प्रवचन पाहिजे असेल तरी नाही, इथे प्रवचन जवळजवळ नसतंच. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पूर्ण आठवडा काढा, दोन दिवसांत काही कळत नाही, दादाला गुरुवार लागला. रेनकोट, टॉर्च, स्लीपिंग बॅग, बसायला छोटी उशी आणि चटणी. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी जास्त, गाण्याला मजा येते पण रांगाही मोठ्या, शांत पाहिजे असेल तर वसंतात किंवा सप्टेंबरनंतर. वर्षाअखेरीस युरोपातल्या एखाद्या शहरात त्यांचा मोठा मेळावा असतो, तिथे स्थानिक कुटुंबांच्या घरी राहायला मिळतं, ते आम्हाला यंदा करायचंय. नोंदणी वेबसाइटवरून आधी करावीच लागते. माझ्याकडून पाचपैकी पाच.

मोठ्या वयाच्यांचीही सोय आहे पण जागा कमी असतात आणि आधी विचारावं लागतं, हे मी मावशीसाठी बघून ठेवलंय. तिला फोनवर त्यातलं एक गाणं म्हणून दाखवलं तर तिसऱ्यांदा म्हणताना ती पलीकडून म्हणायला लागली आणि मग मागून काकांचा पण आवाज आला. दोघांना पुढच्या मे महिन्यात न्यायचा विचार आहे. मुंबईहून शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट सध्या किती दिवसांनी मिळतेय कोणाला माहीत असेल तर खाली सांगा.